लीप सॉफ्टवेअर: महाराष्ट्राच्या विजेचं नियोजन त्यात कितपत बसतं?

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत राज्याला किती वीज लागेल, ती कशातून यायची आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी काय करायचं, हे सगळं एका ठिकाणी मांडायला लीप हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूट ते बनवते. पूर्ण नाव आता 'लो एमिशन्स अ‍ॅनालिसिस प्लॅटफॉर्म', आधी 'लाँग-रेंज एनर्जी ऑल्टरनेटिव्ह्ज प्लॅनिंग' होतं. त्याचं मूळ १९८० च्या सुमाराला केनियातल्या सरपणाच्या अभ्यासात आहे, आणि आजही त्याचा स्वभाव तोच राहिलाय: हिशेबाच्या वहीसारखा, वर्षावर्षाने पुढे जाणारा.

निकाल आधीच सांगतो. मागणी, इंधन, खर्च आणि कार्बन यांचा ताळेबंद म्हणून लीप उत्तम आहे. पण महाराष्ट्राचा विजेचा प्रश्न वर्षाच्या बेरजेत सुटत नाही. तो पावसाने ओढ दिलेल्या ऑगस्टमधल्या संध्याकाळी सात वाजता अडतो. ती संध्याकाळ लीपला मुद्दाम शिकवावी लागते. न शिकवता काढलेलं उत्तर दिसायला देखणं असतं आणि चुकीचं असतं.

परवान्याचं पहिल्यांदा. भारत निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोडतो, त्यामुळे इथल्या सरकारी कार्यालयांना, शिक्षणसंस्थांना आणि स्वयंसेवी संस्थांना परवाना फुकट मिळतो. विद्यार्थ्यांनाही. खाजगी सल्लागार कंपन्यांना विकत घ्यावा लागतो. परवान्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतं, फिरून बघता येतं, पण केलेलं काम जतन होत नाही. दिवसभर आकडे भरून संध्याकाळी हे कळलं तर फार वाईट वाटतं, म्हणून नोंदणी आणि परवान्याचा कोड हे पहिलं काम. चालतं फक्त विंडोजवर. आकडे आत-बाहेर करायला एक्सेल लागतंच.

उघडल्यावर डाव्या हाताला एक झाड दिसतं. वरती मुख्य गृहीतकं (लोकसंख्या, उत्पन्न, घरांची संख्या), त्याखाली मागणी, मग 'ट्रान्सफॉर्मेशन' म्हणजे वीजनिर्मिती आणि वहन, आणि शेवटी इंधनाचे साठे. पायाभूत वर्षाचे आकडे 'करंट अकाउंट्स'मध्ये भरायचे, पुढची वर्षं 'सिनॅरिओ'मध्ये. एक सिनॅरिओ दुसऱ्याचा वारस होऊ शकतो आणि फक्त बदललेला आकडाच नव्याने लिहावा लागतो. ही सोय खरोखर छान आहे. 'दुष्काळ' नावाचा सिनॅरिओ काढायचा असेल तर त्यात पाच-सहा ओळीच बदलतात, बाकी सगळं मूळ सिनॅरिओतून येतं, आणि पुढे मूळ आकडा सुधारला की दोन्हीकडे सुधारतो.

आकडे भरण्याआधी एक ठरवून टाका. महावितरणचे, महापारेषणचे, वीज नियामक आयोगाच्या आदेशांतले सगळे आकडे एप्रिल ते मार्चचे असतात. कोयनेचं पाणी जून ते मे असं मोजतात. हवामानाच्या फायली जानेवारी ते डिसेंबर असतात. तुमच्या मांडणीत '२०२४' म्हणजे नेमके कोणते बारा महिने, हे नोंदींच्या रकान्यात लिहून ठेवा. लीपमध्ये प्रत्येक फांदीला टिपणाची जागा आहे आणि ती भरण्याचा कंटाळा करू नये. सहा महिन्यांनी फाइल दुसऱ्याच्या हातात गेली की आकड्याचा बाप कोण हे त्या टिपणातूनच कळतं. आणि एककांबद्दल: आपल्याकडचं 'एमयू', म्हणजे दहा लाख युनिट, हाच लीपमधला एक गिगावॅट-तास. आलेखांवर लाख-कोटी मिळत नाहीत, मिलियन-बिलियनच मिळतात. मंत्रालयात दाखवायचा आलेख असेल तर एक्सेलमध्ये नेऊन पुन्हा काढावा लागतो.

मागणीची बाजू लीपची सगळ्यात भक्कम. सूत्र साधं आहे: किती ग्राहक गुणिले प्रत्येकी किती युनिट. घरगुती, उद्योग, पाणीपुरवठा, रेल्वे यांना हे सहज लागू पडतं. खरी कसोटी शेतीची. राज्यात कृषिपंपांचे ग्राहक ४५ लाखांच्या घरात आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना मीटर नाही, अश्वशक्तीवर बिल निघतं. वापर अंदाजानेच ठरतो. पाच एचपीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॅट. तो वर्षाला १,२०० तास चालतो असं धरलं तर साधारण ४,५०० युनिट, १,६०० तास धरले तर जवळपास ६,०००. तास कोणते धरायचे यावर हजारो एमयू इकडचे तिकडे होतात. आणि इथे एक सापळा आहे: शेतीचा वापर फुगवला की वीजगळती आपोआप कमी दिसते, कारण एकूण घेतलेली वीज ठरलेली असते. म्हणून शेती आणि गळती हे दोन आकडे कधीही वेगवेगळ्या कागदांवरून उचलू नयेत. एकाच आदेशातली जोडी घ्यावी.

गळतीबद्दल आणखी दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे वसुलीतली तूट धरून काढलेला एकत्रित आकडा 'ट्रान्समिशन अँड डिस्ट्रिब्यूशन'च्या रकान्यात टाकणं. बिल न भरलेली वीजसुद्धा पंपाने वापरलेलीच असते. ती तारेत जळलेली नसते. तिथे फक्त तांत्रिक आणि चोरीची गळती हवी. दुसरी, वहन आणि वितरण यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज. वितरणात १४ आणि वहनात ३.२ टक्के असेल तर ग्राहकापर्यंत ०.८६ गुणिले ०.९६८, म्हणजे ८३.२ टक्के पोचतात. बेरीज करून काढलेल्या ८२.८ पेक्षा हा आकडा थोडाच वेगळा आहे, पण राज्याच्या पातळीवर तो 'थोडा' म्हणजे शेकडो एमयू.

शेतीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती वेळेची. वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीने थ्री-फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री येत आली. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून १६,००० मेगावॅटचे छोटे प्रकल्प उपकेंद्रांजवळ उभे करून ही मागणी दिवसा आणायचं चाललंय. म्हणजे पुढच्या काही वर्षांत युनिट तेवढीच राहतील, त्यांचे तास बदलतील. लीपमध्ये शेतीला एकच 'लोड शेप' (कोणत्या तासाला किती वीज, याची घडण) दिला तर हा बदल दिसतच नाही. त्यावर साधा उपाय आहे. शेतीच्या फांदीखाली तीन उपफांद्या करा: रात्रीचा पंप, दिवसाचा वाहिनीवरचा पंप, आणि ग्रीडला न जोडलेला सौर पंप. प्रत्येकाला स्वतःचा शेप द्या. दिवसाच्या पंपाचा वाटा 'इंटरप' फंक्शनने वर्षागणिक वाढवा, सौर पंपाचाही, आणि रात्रीच्या पंपाला 'रिमेंडर(१००)' लिहा. उरलेला वाटा तो आपोआप घेतो आणि बेरीज कधी शंभराबाहेर जात नाही. ग्रीडला न जोडलेला पंप मागणीतून वजा झाला की त्याचे मेगावॅट निर्मितीत पुन्हा मोजू नयेत, ही दुहेरी मोजणी बऱ्याच मांडण्यांत सापडते.

आता वाहिनीवरच्या सौर प्रकल्पांची जागा. लीप मागणीकडून खाली उतरत हिशेब करतं: आधी तारांची गळती, मग निर्मिती. सगळी निर्मिती एकाच मॉड्यूलमध्ये टाकली तर तालुक्याच्या उपकेंद्राला जोडलेल्या तीन मेगावॅटच्या प्रकल्पावरही चंद्रपूरहून मुंबईला जाणाऱ्या विजेइतकीच गळती लागते. हे चूक आहे. त्यासाठी 'विकेंद्रित सौर' असं वेगळं मॉड्यूल करून ते झाडात गळतीच्या मॉड्यूलच्या वर ठेवावं, म्हणजे ते आधी मागणी भागवतं आणि उरलेली मागणीच तारांकडे जाते. अकरा केव्हीच्या खालची गळती तरी उरतेच, ती त्या मॉड्यूलच्या उपलब्धतेतून टक्केवारीने कापून घ्यावी. एक किलोवॅटला १९ टक्के क्षमता-वापर धरला तर वर्षाला १,६६४ युनिट होतात. १६,००० मेगावॅटचे सुमारे २६,६०० एमयू. एवढ्या मोठ्या आकड्यावर गळती चुकीच्या जागी लागली तर पुढचं सगळं कोळशाचं गणित हलतं.

निर्मितीत प्रत्येक केंद्राला 'मॅक्झिमम अव्हेलेबिलिटी', 'कपॅसिटी क्रेडिट', कार्यक्षमता, खर्च आणि 'डिस्पॅच रूल' (कोणतं केंद्र कधी चालवायचं याचा नियम) द्यावा लागतो. यातले पहिले दोन रकाने एकच आहेत असं समजून बरेचजण सारखाच आकडा भरतात. उपलब्धता म्हणजे किती युनिट निघू शकतात. क्रेडिट म्हणजे कमाल मागणीच्या वेळी त्या केंद्राच्या किती मेगावॅटवर विसंबता येतं. राखीव क्षमतेचं गणित क्रेडिटवर चालतं. सौरऊर्जेला उपलब्धता १९ टक्के म्हणून क्रेडिटही १९ टक्के दिलं, तर १६,००० मेगावॅटचे ३,००० मेगावॅट लीप संध्याकाळसाठी हातात धरतं. सूर्य मावळलेला असतो. राज्याची कमाल मागणी ३०,००० मेगावॅटच्या आसपास गेलीय आणि ती बऱ्याचदा दिवसाच नोंदली जाते. पण सौर वजा केल्यावर उरणारी मागणी संध्याकाळी आणि पहाटे चढते. म्हणून साठवणुकीशिवायच्या सौरऊर्जेला संध्याकाळचं क्रेडिट शून्य द्यावं. वाऱ्याचं क्रेडिट ऋतूप्रमाणे वेगळं. वनकुसवडे, ब्राह्मणवेल इथल्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोरात फिरतात, मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

कोयनेवर जरा थांबू, कारण लीपचं बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथे नीट दिसतं. एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. त्यातलं धरणाच्या पायथ्याचं ४० मेगावॅट सोडलं तर १,९२० मेगावॅट पाणी पश्चिमेला सोडून चालतात, आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने त्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. मुख्य टप्प्यांचा आणि कोळकेवाडीखालच्या तिसऱ्या टप्प्याचा मिळून सुमारे ६०० मीटरचा उतार आणि ८८ टक्के कार्यक्षमता धरा. एका घनमीटरला १.४४ युनिट येतात, एका टीएमसीला साधारण ४ कोटी युनिट. ६७.५ टीएमसीचे झाले सुमारे २,७५० एमयू. १,९२० मेगावॅट वर्षभर अखंड चालले असते तर १६,८०० एमयू मिळाले असते. म्हणजे उपलब्धता सुमारे १६ टक्के.

आता हा १६ आकडा उपलब्धतेत सरळ टाकला की लीप समजतं, कोयना दिवसरात्र ३१० मेगावॅट देते. कोयना तशी चालवतच नाहीत. ती मागणी चढते तेव्हा पूर्ण ताकदीने सोडायची आणि उतरली की थांबवायची. त्यामुळे तिला शेपच द्यावा लागतो: संध्याकाळचे चार तास ९० टक्के, बाकी वीस तास शून्य. चार भागिले चोवीस गुणिले ९०, सरासरी १५ टक्के. पाण्याचा हिशेब सांभाळला जातो आणि संध्याकाळी १,७०० मेगावॅट दिसतात. उरलेला एक टक्का पहाटेच्या तासांना वाटून द्या. दुष्काळाच्या सिनॅरिओत पाणी ५० टीएमसी धरलं तर संध्याकाळचे चार तास तीनावर येतात, आणि मे महिन्यात क्रेडिटही कापावं लागतं, कारण तेव्हा तेच पाणी पूर्वेकडे साताऱ्या-सांगलीच्या शेताला हवं असतं. हा वाद दर कमी पावसाच्या वर्षी उभा राहतो. सॉफ्टवेअर तो सोडवत नाही, पण पाणी कुठे वळवलं तर विजेत किती खड्डा पडतो हे दहा मिनिटांत समोर ठेवतं. त्या एका कामासाठी तरी लीप शिकावं.

वर्षाचे तुकडे किती करायचे हा प्रश्न याला जोडूनच येतो. लीपमध्ये ते आपण ठरवतो. ट्युटोरियलमध्ये मोजके तुकडे असतात आणि नवखे तेच ठेवतात. महाराष्ट्राला किमान चार ऋतू हवेत, आणि तेही आपले: मार्च ते मे, जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर-नोव्हेंबर, डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर हीट वेगळी ठेवाच, त्या दिवसांत उकाडा आणि रब्बीचे पंप एकदम येतात. प्रत्येक ऋतूला चोवीस तास दिले तर ९६ तुकडे होतात, बारा महिने गुणिले चोवीस केले तर २८८. साध्या हिशेबाला २८८ सुद्धा झेपतात. ८,७६० तासांची फाइल एक्सेलमधून आत घेता येते आणि लीप तिचे सरासरी तुकडे पाडतं. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा. ऑगस्टच्या एकतीस संध्याकाळींची सरासरी ही एका वाईट संध्याकाळीपेक्षा नेहमी सौम्य असते.

हवामानबदलाचा भाग लीप स्वतःहून काही करत नाही. तापमान वाढलं तर मागणी किती वाढते, हे तुम्ही सांगायचं. एसी असलेल्या घरांचा वाटा आणि उन्हाळ्यातला प्रत्येकी वापर असे दोन आकडे वेगळे ठेवले तर त्यांना तापमानाशी जोडता येतं. सौर पॅनेलचं उत्पादन २५ अंशांवर मोजलेलं असतं. पेशीचं तापमान वाढलं की दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के घट होते. विदर्भातल्या एप्रिलमध्ये पेशी ६५ अंशांवर गेली तर १४ ते १६ टक्के तोटा. म्हणून सर्वांत कडक उन्हाचा महिना हा सर्वांत जास्त विजेचा महिना असेलच असं नाही, आणि शेप भरताना फक्त सूर्यप्रकाशाचा आकडा घेतला तर एप्रिल-मे फुगतात.

पण सगळ्यात मोठा धोका एकाच वेळी येणाऱ्या चार गोष्टींचा. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाळ्यात बंद असायला हवे ते पंप चालू झाले, धरणांतलं पाणी जपून वापरायची वेळ आली, आणि १ सप्टेंबरला देशाची वीजमागणी २४३ गिगावॅटवर गेली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. आपल्या सवयीच्या नियोजनात पावसाळा म्हणजे मागणी कमी, जलविद्युत जास्त, वारा जास्त, आणि म्हणून औष्णिक संच दुरुस्तीला घ्यायचा काळ. कोरड्या ऑगस्टमध्ये हे चारही आधार एकदम निसटू शकतात. लीपमध्ये 'दुष्काळ' सिनॅरिओ करताना म्हणून फक्त कोयनेची उपलब्धता कमी करून थांबू नका. पावसाळ्यातला शेतीचा शेप उन्हाळ्यासारखा करा, वाऱ्याची उपलब्धता उतरवा, आणि दुरुस्तीला गेलेले संच तसेच बाहेर ठेवा. चारही बदल एकत्र केल्यावर जी तूट दिसते तीच खरी.

ती तूट दिसावी यासाठी एक खूण तपासा. मॉड्यूलच्या आउटपुटमध्ये, वीज कमी पडली तर 'आयात करा' की 'मागणी अपुरी ठेवा' असा पर्याय असतो. आयात निवडलेली असेल तर लीप शांतपणे बाहेरून वीज आणतं आणि अहवालात भारनियमन कुठेच येत नाही. शेजारच्या राज्यांतही तेव्हा तोच कोरडा ऑगस्ट चालू असतो, मग ती वीज येणार कुठून? दुष्काळाच्या सिनॅरिओत 'अपुरी ठेवा' हेच निवडावं. तसंच जादा विजेचं. भर दुपारी सौर उरली तर ती 'निर्यात' झाली असं दाखवून उत्पन्न मोजण्यापेक्षा 'वाया' दाखवून बघा. साठवण किती लागेल ते तिथून कळतं.

औष्णिक केंद्रांनाही पाण्याशिवाय चालत नाही. परळीचं केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेत कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे ३.५ लिटरची मर्यादा आहे. १,००० मेगावॅट ७० टक्क्यांनी चालले तर दिवसाला १६,८०० मेगावॅट-तास, आणि पाणी जवळपास ५ कोटी ९० लाख लिटर. हे जोडायला त्याच संस्थेचं 'वीप' हे पाण्याच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर आहे. वीपमध्ये धरणातलं पाणी, लीपमध्ये वीज, आणि दोघं एकमेकांना आकडे देतात: पाणी कमी झालं की जलविद्युतची उपलब्धता उतरते, औष्णिक केंद्र जास्त चाललं की पाण्याची मागणी चढते. कल्पना सुरेख आहे. जोडणी मात्र किचकट आहे. दोन्हीकडची वर्षं, सिनॅरिओंची नावं आणि वेळेचे तुकडे जुळले नाहीत तर चुकीचे आकडे जुळल्यासारखे दिसतात. एका खोऱ्यासाठी, समजा फक्त कृष्णेसाठी, ही जोडणी करावी. पूर्ण राज्यासाठी एकदम करायला जाऊ नये.

कार्बनच्या हिशेबाला लीपमध्ये तयार घटक भरलेले आहेत. आपल्याकडे तिथे उष्मांकाची चूक होते. बिट्युमिनस कोळशाला आयपीसीसीचा (हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) ठोकळ आकडा टनाला २५.८ गिगाज्यूल आहे. आपल्या केंद्रांत ३,६०० ते ४,००० किलोकॅलरीचा कोळसा येतो, म्हणजे १५ ते १७ गिगाज्यूल. उष्मांक तसाच ठेवला तर लागणारा कोळसा टनांमध्ये साधारण ६० टक्केच दाखवला जातो, आणि रेल्वेच्या वाघिणी व राखेचं सगळं नियोजन फसतं. कार्बन मात्र ऊर्जेवर मोजला जात असल्याने फारसा बिघडत नाही, त्यामुळे चूक लपून राहते. पडताळणी हाताने करा: ३६ टक्के कार्यक्षमतेला एका युनिटला १० मेगाज्यूल उष्णता, दर मेगाज्यूलला ९४.६ ग्रॅम, म्हणजे युनिटमागे ९४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. लीपचा आकडा याच्या आसपास नसेल तर कार्यक्षमतेचा रकाना बघा. ढोबळ आणि निव्वळ यांत तिथे गल्लत झालेली असते, कारण ६ ते ८ टक्के वीज केंद्र स्वतःच खातं.

स्वस्तात स्वस्त मिश्रण लीपनेच शोधावं असं वाटत असेल तर 'नेमो' वेगळं बसवावं लागतं. ते ज्युलिया भाषेत लिहिलेलं आहे आणि फुकट सॉल्व्हरवर (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामवर) चालतं. गुरोबी किंवा सीप्लेक्ससारखा विकतचा सॉल्व्हर असेल तर बराच वेळ वाचतो. बॅटरी आणि घाटघरसारखे, पाणी वर उपसून वीज साठवणारे उदंचन प्रकल्प (घाटघर २५० मेगावॅट) नीट मांडायचे तर नेमोच हवं. त्याचा एक दोष ठाऊक असावा. किमतीत थोडा फरक पडला की ते सगळे मेगावॅट एकाच तंत्रज्ञानात, एकाच वर्षात ओततं. एका वर्षी १२,००० मेगावॅट सौर, पुढच्या वर्षी शून्य. 'मॅक्झिमम कपॅसिटी अ‍ॅडिशन'मध्ये दरवर्षीची खरी मर्यादा घाला: जमीन ताब्यात किती येते, उपकेंद्रांत जागा किती, रोहित्रं किती मिळतात. २८८ तुकडे आणि पंचवीस वर्षं एकदम दिली तर साध्या संगणकावर रात्र जाते. दर पाच वर्षांनी एकच वर्ष सोडवायची सोय नेमोत आहे, चाचण्या तशाच कराव्यात.

जे लीपला जमत नाही ते म्हणजे तारा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली तेव्हा राज्यात वीज कमी नव्हती. ती शहरात आणणाऱ्या कळवा-पडघे परिसरातल्या वाहिन्या बाद झाल्या होत्या. लीपमध्ये राज्य हा साधारण एक ठिपका असतो. मुंबई, कोकण, विदर्भ असे प्रदेश पाडून त्यांच्यात वहनमर्यादा घालता येतात, पण प्रत्यक्ष ग्रीडचा दाब आणि प्रवाह त्यातून कळत नाही. त्यासाठी पायप्सा आहे, तासातासाने आणि वाहिनीवाहिनीने बघणारं, फुकट, पण पायथॉन येणारा माणूस लागतो. ओसेमॉसिसही फुकट आहे आणि आतलं प्रत्येक समीकरण उघडं ठेवतं. प्लेक्सॉस ताकदवान आहे, किंमतही तशीच. साधनसामग्री पर्याप्ततेची, म्हणजे मागणीला पुरेशी वीज हातात आहे हे दाखवणारी, जी मांडणी आता वितरण कंपन्यांना नियामक आयोगापुढे द्यावी लागते, तिच्या तासवार भागाला लीप एकटं पुरणार नाही. मागणीचा भाग, खर्चाचा आणि कार्बनचा भाग मात्र लीपमधून काढून तासवार मॉडेलला द्यावा. तो जितका स्वच्छ लीपमध्ये बसतो तितका दुसरीकडे बसत नाही.

शिकायला एक काल्पनिक देश घेऊन केलेली ट्युटोरियल्स आहेत आणि ती खरोखर चांगली आहेत. पाच-सहा दिवसांत हात बसतो. मराठीत काहीच नाही. जिल्हा नियोजन समितीला किंवा ऊर्जा विभागातल्या नव्या अभियंत्याला इंग्रजी पडद्यावरच काम करावं लागतं. फांद्यांची नावं मात्र मराठीत ठेवता येतात, देवनागरीत ती नीट दिसतात, आणि बैठकीत 'रात्रीचा पंप' अशी फांदी पडद्यावर दिसली की समोरचा शेतकरी प्रतिनिधी लगेच बोलायला लागतो.

कोणी घ्यावं? विद्यापीठांनी, जिल्हा आणि राज्य पातळीवर काम करणाऱ्या संस्थांनी, आणि ज्यांना फुकट परवाना मिळतो त्या सर्वांनी. पैसे देऊन घेणाऱ्या सल्लागारांनी आधी चाचणीत कोयनेचा शेप, शेतीच्या तीन फांद्या आणि कोरड्या ऑगस्टचा सिनॅरिओ एवढं करून बघावं. दोन दिवसांचं काम आहे, पण जतन होत नसल्याने फाइल उघडीच ठेवावी लागते. कोणाचा तयार अहवाल तपासायला आला असेल तर लीपची मूळ फाइल मागून घ्या आणि त्यात तीनच जागा उघडा: सौरऊर्जेचं कपॅसिटी क्रेडिट, वेळेचे तुकडे, आणि तुटीच्या वेळी आयात की अपुरी मागणी, हा पर्याय.